पाळीआधीचे काळे दिवस: पीएमडीडी म्हणजे काय आणि त्यावर काय करता येतं

गोव्याच्या शेजारच्या कर्नाटक सरकारनं ऑक्टोबर २०२५ मध्ये नोकरदार स्त्रियांसाठी महिन्याला एक, म्हणजे वर्षाला बारा दिवस पगारी पाळीची रजा मंजूर केली. तेव्हापासून रजा असावी की नसावी यावर बरंच बोललं जातं. ते सगळं बोलणं पोटदुखी, कंबरदुखी आणि रक्तस्राव यांभोवती, पाळीच्या पहिल्या दोन-तीन दिवसांभोवती फिरतं. पण काही स्त्रियांचा महिन्यातला सगळ्यात कठीण काळ पाळी यायच्या आधीच येऊन गेलेला असतो. रक्त दिसलं की त्यांना उलट हायसं वाटतं.

आधीचा आठवडा, कधी दोन आठवडे, त्यांना नुसते ढकलावे लागतात. काही कारण नसताना रडू फुटतं. पोरानं पाण्याचा ग्लास सांडला तरी अंगावर धावून जावंसं वाटतं. नवऱ्याशी बोलणं तुटतं. नोकरीचा राजीनामा लिहून तयार होतो. काहींच्या मनात जगूच नये असं येतं. मग पाळी येते, दोन दिवसांत धुकं विरतं आणि मागे राहते ती शरम: आपण असं कसं बोललो? पुढच्या महिन्यात पुन्हा तेच.

या त्रासाला वैद्यकशास्त्रात पीएमडीडी (प्रीमेन्स्ट्रुअल डिस्फोरिक डिसऑर्डर) असं नाव आहे, निदानाची पद्धत आहे आणि उपचारही आहेत. तरीही कित्येक जणी तो स्वभावाचा दोष समजून वर्षानुवर्षं अंगावर काढतात.

महिन्याचं चक्र, थोडक्यात

पाळीच्या पहिल्या दिवसापासून पुढची पाळी यायच्या आदल्या दिवसापर्यंत एक चक्र. शाळेत ते २८ दिवसांचं शिकवतात, पण प्रौढ स्त्रीचं चक्र २१ ते ३५ दिवसांत कुठेही बसलं तरी ते सामान्यच.

चक्र चालवतात ती हार्मोन, म्हणजे ग्रंथींनी रक्तात सोडलेली आणि दुसऱ्या अवयवांना कामाला लावणारी रसायनं. पहिल्या अर्ध्यात इस्ट्रोजेन चढत जातं. पुढची पाळी यायच्या साधारण चौदा दिवस आधी बीजांडकोशातून बीज सुटतं. त्यानंतर प्रोजेस्टेरॉन हे दुसरं हार्मोन वाढू लागतं आणि गर्भाशयाचं अस्तर तयार ठेवतं. गर्भ राहिला नाही तर शेवटच्या काही दिवसांत दोन्ही हार्मोन उतरतात, अस्तर सुटतं आणि पाळी येते. आपला विषय आहे तो बीज सुटल्यापासून पाळी येईपर्यंतचा हा उत्तरार्ध.

पीएमएस वेगळा, पीएमडीडी वेगळा

या उत्तरार्धात थोडंफार काही तरी बहुतेक स्त्रियांना जाणवतं. छाती दुखते, पोट फुगतं, गोड खावंसं वाटतं, चिडचिड होते. त्याचा ठरावीक त्रास होऊ लागला की त्याला पीएमएस (प्रीमेन्स्ट्रुअल सिंड्रोम) म्हणतात. पीएमडीडी ही त्याच्या पुढची, फार तीव्र अवस्था, आणि तिचा मुख्य घाव मनावर असतो. अमेरिकन मानसोपचार संघटनेनं २०१३ च्या निदानपुस्तिकेत तिला स्वतंत्र आजार म्हणून जागा दिली. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या आजारांच्या यादीतही तिची नोंद आहे.

निदानासाठी अकरा लक्षणांपैकी किमान पाच असावी लागतात, आणि त्यांतलं एक तरी चार मुख्य लक्षणांपैकी हवं. ती चार अशी: मन घडीघडीला पालटणं, न आवरणारा राग किंवा चिडचिड, खोल उदासी, आणि सतत ताण किंवा भीती. बाकीची सात म्हणजे कशातच रस न वाटणं, लक्ष न लागणं, गळून गेल्यासारखं होणं, भूक बदलणं, झोप बिघडणं, सगळं हाताबाहेर गेल्यासारखं वाटणं, आणि छातीदुखी, सूज, सांधेदुखी यांसारखे शारीरिक त्रास. पण या यादीपेक्षा दोन गोष्टी जास्त महत्त्वाच्या आहेत. एक म्हणजे वेळ: त्रास पाळीआधी येणार, पाळी सुरू झाली की काही दिवसांत ओसरणार आणि त्यानंतरच्या आठवड्यात जवळपास नाहीसा होणार. दुसरी म्हणजे नुकसान: काम, अभ्यास, घर, नाती यांत खरोखर अडथळा यायला हवा.

हे किती जणींना होतं? जगभरातले अभ्यास एकत्र करून २०२४ साली जो हिशेब आला, त्यात रोजच्या नोंदींनी पक्कं निदान झालेल्या स्त्रिया शेकडा १.६ निघाल्या. नुसत्या आठवणीवरून सांगितलेलं धरलं तर आकडा बराच वाढतो. १.६ कमी वाटतो ना? २०११ च्या जनगणनेत गोव्यात स्त्रिया सात लाखांवर होत्या. त्यांतल्या निम्म्याच पाळीच्या वयातल्या धरल्या आणि कमीतला कमी आकडा लावला, तरी साडेपाच हजारांहून जास्त बायका होतात. कुठल्याही मोठ्या वाड्यावर, कुठल्याही शाळेच्या स्टाफरूममध्ये अशी एखादी असू शकते.

रक्ततपासणी नॉर्मल आली, मग त्रास कुठून?

हा प्रश्न जवळजवळ प्रत्येकीच्या वाट्याला येतो. ती हार्मोनची तपासणी करून घेते, सगळे आकडे जागच्या जागी असतात आणि घरची माणसं म्हणतात, "पाहिलंस? काही नाही तुला."

आकडे नॉर्मल असणं हेच या आजाराचं वैशिष्ट्य आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेतल्या संशोधकांनी १९९८ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. पाळीआधी तीव्र त्रास होणाऱ्या स्त्रियांचं बीजांडकोशाचं काम त्यांनी औषधानं तात्पुरतं थांबवलं, तेव्हा अनेकींचा त्रास ओसरला. त्यांना इस्ट्रोजेन किंवा प्रोजेस्टेरॉन परत दिलं आणि त्रासही परतला. ज्यांना मुळात असा त्रास नव्हता त्यांना तीच औषधं, तीच हार्मोन दिली. त्यांच्या मनःस्थितीवर काही परिणाम झाला नाही.

गोव्यातल्या माणसाला हे खाजनावरून, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतावरून, चटकन कळेल. भरती सगळ्या शेतांना सारखीच येते. बांध धड असला आणि मानशीची, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दाराची, झडप नीट मिटली की पाणी पलीकडेच चढतं, अलीकडे भात सुखानं उभं राहतं. शेजारच्या खाजनातही भरती तीच, पाणी तेवढंच, पण झडप नीट मिटत नाही आणि खारं पाणी आत शिरतं. पीएमडीडीत हार्मोनची भरती चारचौघींसारखीच असते. फरक असतो तो मेंदूतल्या झडपेत. रक्ततपासणी भरतीची उंची मोजते, झडप तिला दिसत नाही.

ही झडप नेमकी कुठे आहे याचाही बराच अंदाज आला आहे. शरीरात प्रोजेस्टेरॉनपासून अ‍ॅलोप्रेग्नॅनोलोन नावाचं एक रसायन बनतं. ते मेंदूला शांत करणाऱ्या गाबा नावाच्या यंत्रणेवर काम करतं. बहुतेक स्त्रियांना त्याचा काही उपद्रव होत नाही. पीएमडीडी असलेल्या स्त्रीत मात्र त्याच्या चढउताराला ही यंत्रणा उलटा प्रतिसाद देते आणि शांततेऐवजी अस्वस्थता, राग, भीती उसळते. मनःस्थिती सांभाळणाऱ्या सेरोटोनिन या दुसऱ्या रसायनाचाही यात वाटा आहे. २०१७ साली अमेरिकेतच झालेल्या संशोधनात अशा स्त्रियांच्या पेशींमध्ये, हार्मोनला प्रतिसाद देणाऱ्या जनुकांच्या एका गटाचं काम वेगळं चालतं असं दिसलं. म्हणजे "मनावर ताबा ठेव" हा सल्ला देणारे पेशींच्या पातळीवरच्या गोष्टीला शिस्त लावायला सांगत असतात.

"आमच्या वेळी नव्हतं असलं काही"

होतं. न्यूयॉर्कच्या रॉबर्ट फ्रँक या डॉक्टरांनी पाळीआधीच्या ताणाबद्दल १९३१ साली लिहिलं होतं. १९५३ मध्ये ब्रिटनच्या रेमंड ग्रीन आणि कॅथरिना डाल्टन यांनी त्याला पीएमएस हे नाव रूढ केलं.

शिवाय आपल्या आज्यांचं आयुष्यच वेगळं होतं. लवकर लग्न, पाच-सात बाळंतपणं, प्रत्येक मूल दोन वर्षं अंगावर. गर्भारपणात आणि अंगावर पाजतानाच्या बऱ्याच काळात हे चक्र थांबलेलं असतं. त्यामुळे त्यांच्या वाट्याला आयुष्यात पाळ्याच कमी आल्या. आजच्या स्त्रीला एक-दोन मुलं असतात, म्हणून तिची चक्रं कितीतरी जास्त होतात.

आणि ज्यांना त्रास होता, त्यांच्या त्रासाला नाव वेगळं पडायचं. "हिला काहीतरी लागलंय" म्हणून घाड्याकडे, म्हणजे मांत्रिकाकडे, नेलं जायचं, देवीला कौल लावला जायचा, दृष्ट काढली जायची. पाळी आली की ती आपोआप शांत व्हायची आणि उतारा लागू पडला असं सगळ्यांना वाटायचं. श्रद्धेनं धीर येत असेल तर देवळात जरूर जावं. पण दर महिन्याला तोच उतारा तेच करावं लागत असेल, तर एकदा तारखा मांडून पाहाव्यात.

सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात महत्त्वाची तपासणी: वही

पीएमडीडी ओळखणारी कुठलीही रक्ततपासणी किंवा सोनोग्राफी नाही. निदान होतं ते लागोपाठच्या किमान दोन चक्रांच्या रोजच्या नोंदींवरून. गोव्यातल्या बहुतेक घरांत भिंतीवर कालनिर्णय असतं आणि पाळीच्या तारखेला त्यावर बारीकशी खूण करायची सवय अनेकींना असतेच. तीच सवय थोडी वाढवायची. शाळेच्या एका साध्या वहीत रोज रात्री झोपण्यापूर्वी तारीख लिहायची आणि आपली मुख्य पाच-सहा लक्षणं, म्हणजे राग, उदासी, भीती, झोप, थकवा, यांना एक ते सहा गुण द्यायचे. एक म्हणजे अजिबात नाही, सहा म्हणजे सहन न होणारं. त्या दिवशी काम चुकलं का, कुणाशी बोलणं तुटलं का, हे एका ओळीत. पाळी सुरू झाली तो दिवस ठळक.

हे त्याच दिवशी लिहायला हवं. महिनाअखेर आठवून भरलेली वही फसवते, कारण वाईट दिवसांची सावली चांगल्या दिवसांवरही पडते, किंवा चांगल्या दिवसांत मागचं सगळं किरकोळ वाटतं. मोबाइलमधलं अ‍ॅपही चालेल. पण ज्या घरात मोबाइल सगळे हाताळतात तिथे मला वही जास्त सुरक्षित वाटते.

दोन महिन्यांनंतर वही काय सांगते? पाळीआधी गुण चढलेले आणि पाळीनंतरचा आठवडा जवळपास कोरा असेल, तर पीएमडीडीची शक्यता मोठी. महिनाभर गुण चढलेलेच असतील आणि पाळीआधी आणखी वर जात असतील, तर चित्र वेगळं. तेव्हा मुळात नैराश्य, चिंतेचा आजार, दोन ध्रुवांत हेलकावणारा बायपोलर आजार किंवा दुसरं काही असू शकतं आणि पाळीआधी ते उफाळतं. इथे मूळ आजारावर उपचार करावे लागतात. फरक वरवर बारीक दिसतो, पण औषध त्यावरच ठरतं. थायरॉईडचा विकार आणि रक्त कमी असणं यांनीही थकवा आणि उदासी येते, म्हणून डॉक्टर त्या तपासण्या करून घेतात.

गर्भपिशवी काढलेल्या पण बीजांडकोश शाबूत असलेल्या बायकांनी हे वाचून आपला संबंध नाही असं समजू नये. रक्तस्राव थांबला तरी हार्मोनचं चक्र आत चालूच असतं. वहीत दर चार-पाच आठवड्यांनी तेच शिखर दिसलं तर ती डॉक्टरांना दाखवावी.

"मग तिचं भांडण खोटंच होतं म्हणायचं?"

या आजाराबद्दल बोलताना मला सगळ्यात जास्त भीती याच प्रश्नाची वाटते. एकदा नाव कळलं की घरात तेच हत्यार होतं. बाई काही बोलली की "तारीख जवळ आली वाटतं." मग तिच्या बोलण्यातलं खरंही त्याच टोपलीत जातं.

आजार रागाची तीव्रता वाढवतो. रागाचं कारण मात्र खरं असू शकतं. नवरा रोज पिऊन येत असेल, चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) आठ दिवस आधीपासून सफाई, नेवऱ्या, माटोळी, पाहुणे हे सगळं एकटीच्या अंगावर पडत असेल, पगार हातात येताच दुसऱ्याकडे जात असेल, तर ते पाळीनंतरही तसंच असतं. गोव्यातल्या सुमारे अडीच हजार स्त्रियांची पाहणी करून २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, नैराश्य आणि चिंता यांचा संबंध स्त्रीरोगाच्या तक्रारींशी जसा दिसला तसाच घरातल्या हिंसेशी, निर्णयाचा अधिकार नसण्याशी आणि कुटुंबाचा आधार नसण्याशीही दिसला. शरीर आणि घर, दोन्ही एकाच वेळी माणसाला पिळू शकतात.

म्हणून एक उपाय सुचवते. वाईट दिवसांत जे बोलावंसं वाटतं ते वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवायचं. राजीनामा, घटस्फोट, मुलांबद्दलचे मोठे निर्णय त्या आठवड्यात घ्यायचे नाहीत. पाळीनंतरच्या स्वच्छ आठवड्यात ते पान उघडायचं. तेव्हाही जे खरं वाटेल ते शांतपणे, पण ठामपणे मांडायचं. आणि घरच्यांनी त्या वेळी ऐकायचं. भांडण चालू असताना तारखेचा उल्लेख कुणीही करू नये.

उपचार: कशाचा उपयोग होतो, कशाचा नाही

सगळ्यात भक्कम पुरावा आहे तो सेरोटोनिनवर काम करणाऱ्या औषधांचा. त्यांना एसएसआरआय म्हणतात. फ्लुओक्सेटिन, सर्ट्रालिन, एस्सिटालोप्राम ही त्यांतली नावं. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २००० साली फ्लुओक्सेटिनला याच आजारासाठी मान्यता दिली. "पण ही तर डिप्रेशनची गोळी!" हो, पण इथे ती वेगळ्या रीतीनं वागते. नैराश्यात तिचा गुण यायला काही आठवडे लागतात, पीएमडीडीत तो काही दिवसांत दिसू शकतो. म्हणूनच अनेकींना ती रोज घ्यावी लागत नाही. बीज सुटण्याच्या सुमारास सुरू करून पाळी येताच थांबवायची, एवढंच पुरतं. अर्थात कुणी कशी घ्यायची हे डॉक्टर ठरवणार. खाजनाच्या भाषेत सांगायचं तर भरती तशीच राहते, हे औषध झडप सावरतं.

या गोळ्यांचं व्यसन लागत नाही. मळमळ, झोपेत बदल, कामेच्छा कमी होणं हे दुष्परिणाम होऊ शकतात. रोजच्या रोज घेत असाल तर एकदम सोडायच्या नाहीत. आणि बायपोलर आजाराचा इतिहास असेल तर तो आधी सांगायलाच हवा, कारण या औषधांनी मन उलट दिशेला, उन्मादाकडे झुकू शकतं. फार्मसीतून दुसऱ्याच्या चिठ्ठीवर आणून घ्यायचं हे औषध नव्हे.

दुसरा मार्ग भरतीच थोपवण्याचा. काही गर्भनिरोधक गोळ्या बीज सुटणंच थांबवतात. ड्रोस्पिरेनॉन आणि इस्ट्रोजेन असलेल्या, चोवीस दिवस औषध आणि चार दिवस कोऱ्या अशा गोळीला अमेरिकेत २००६ मध्ये पीएमडीडीसाठी मान्यता मिळाली. मात्र रक्ताच्या गुठळ्या झालेल्या, वाढलेला रक्तदाब असलेल्या, डोळ्यांपुढे चमकून मग डोकेदुखी सुरू होणारी अर्धशिशी असलेल्या किंवा पस्तिशीनंतर धूम्रपान करणाऱ्या स्त्रियांना अशा गोळ्या धोक्याच्या ठरू शकतात. काहींची मनःस्थिती गोळीनं आणखी बिघडते. तसं झालं तर "सवय होईल" म्हणून रेटू नये, परत दाखवावं.

कशालाच दाद मिळाली नाही तर बीजांडकोशाचं काम थांबवणारी इंजेक्शनं असतात. ती दीर्घकाळ घेतल्यास हाडं ठिसूळ होतात, म्हणून त्यांना जोड औषध लागतं. अगदी शेवटी, फार थोड्या जणींसाठी, दोन्ही बीजांडकोश काढण्याची शस्त्रक्रिया. हे ठळक सांगायला हवं: नुसती पिशवी काढून पीएमडीडी जात नाही, कारण हार्मोन बनतात ते बीजांडकोशात. "पिशवी काढ, सगळं शांत होईल" असा सल्ला कुणी दिला तर दुसऱ्या स्त्रीरोगतज्ज्ञाचं मत घ्या.

समुपदेशनाचा, विशेषतः विचार आणि कृती यांची सांगड घालून देणाऱ्या सीबीटी पद्धतीचा उपयोग होतो. तिनं भरती थांबत नाही, पण तिच्यात पाय रोवून उभं राहता येतं आणि नंतरची शरमही कमी होते.

घरगुती उपायांत कॅल्शियमला बऱ्यापैकी आधार आहे. १९९८ साली अमेरिकेत झालेल्या एका मोठ्या चाचणीत रोज १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम घेणाऱ्या स्त्रियांचा पीएमएसचा त्रास उतरला होता. नाचणीचं तिजन, दूध, दही, काट्यासकट खाल्लेले तारले मासे यांतून ते बरंच मिळतं. गोळ्या घ्यायच्या तर मूतखड्याचा त्रास आहे का हे डॉक्टरांना सांगून. नियमित चालणं आणि वेळेवर झोप यांनीही फरक पडतो. पण तीव्र पीएमडीडी नुसत्या चालण्यानं बरा होत नाही आणि तसं सांगणं हा त्या बाईवर अन्यायच आहे. बी-६ जीवनसत्त्वाचा पुरावा तोकडा आहे आणि मोठ्या मात्रेत ते दीर्घकाळ घेतलं तर नसांना इजा होते. इव्हिनिंग प्रिमरोज तेलावर पैसे घालवण्याइतका पुरावा नाही. दारूबद्दल वेगळं सांगते: ती मेंदूतल्या त्याच गाबा यंत्रणेवर काम करते. त्यामुळे दोन घोट घेतल्यावर तासभर हलकं वाटतं आणि ती उतरली की चिंता दुप्पट होऊन येते. त्या आठवड्यात तरी टाळावी.

चवथीसाठी पाळी पुढे ढकलायची गोळी

चवथ, जत्रा, लग्न, पूजा आली की गोव्यात ही गोळी हमखास घेतली जाते. कित्येकदा डॉक्टरांना न विचारता, शेजारणीनं सांगितलं म्हणून. तिच्यात बहुधा नॉरएथिस्टेरॉन असतं. हे प्रोजेस्टेरॉनसारखं काम करणारं कृत्रिम हार्मोन. पाळी यायच्या तीनेक दिवस आधी सुरू करतात, गोळी बंद केल्यावर दोन-तीन दिवसांत पाळी येते.

सगळ्यांनाच त्याचा त्रास होत नाही. पण ज्यांचा मेंदू प्रोजेस्टेरॉनला असा तीव्र प्रतिसाद देतो, त्यांच्यासाठी या गोळीचा अर्थ वाईट दिवस लांबवणं असाही होऊ शकतो. एरवी संपून गेला असता तो आठवडा ऐन सणात, माणसांनी भरलेल्या घरात ताणला जातो. तुम्हाला पाळीआधी तीव्र उदासी येत असेल तर ही गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका. पायात किंवा फुप्फुसात गुठळी होऊन गेलेल्यांनी तर मुळीच नाही. माझं मत विचाराल तर गणपतीला पाळीची अडचण होते असं मला वाटत नाही. पण घरात आधीच ताण असताना त्यावरून भांडायचं की नाही, हे त्या त्या बाईनं ठरवावं.

गोव्यात दाखवायचं कुठे?

सुरुवात जवळच्या आरोग्य केंद्रात किंवा नेहमीच्या स्त्रीरोगतज्ज्ञाकडे करता येते. वही सोबत न्यावी आणि पहिल्याच वाक्यात सांगावं: "पाळीआधी इतके दिवस माझं मन असं होतं, पाळी आली की जातं, ही दोन महिन्यांची नोंद." पोटदुखीपासून सुरुवात केली तर बोलणं तिथेच अडकतं. म्हापसा आणि मडगावच्या जिल्हा इस्पितळांत, तसंच बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजमध्ये स्त्रीरोग विभाग आहेत. मनाच्या उपचारांसाठी बांबोळीलाच मानसोपचार आणि मानवी वर्तन संस्था, म्हणजे सगळे आयपीएचबी म्हणतात ती सरकारी संस्था आहे.

आयपीएचबीचं नाव काढलं की लोक दबकतात. वाळपईच्या बाईला बांबोळीच्या रांगेत ओळखीचं कुणी भेटेल ही भीती खरी आहे, गोवा केवढासा! पण २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं रुग्णाची माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क दिला आहे आणि तिथल्या कर्मचाऱ्यांवर तो बंधनकारक आहे. तज्ज्ञ गाठता येत नसेल तरी बोलण्याचा आधार निरुपयोगी नसतो. गोव्यातच, संगाथ या संस्थेच्या पुढाकारानं झालेल्या आणि २०१० साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या अभ्यासात एक गोष्ट दिसली. सरकारी आरोग्य केंद्रांत, साध्या पण प्रशिक्षित समुपदेशकांच्या मदतीनं नैराश्य आणि चिंतेचे जास्त रुग्ण बरे झाले.

जिवाचा प्रश्न

पीएमडीडीत आत्महत्येचे विचार आणि प्रयत्न यांचं प्रमाण इतर स्त्रियांपेक्षा जास्त आहे. "पाळी आली की जाईल" म्हणून हे सोडून द्यायचं नाही, कारण धोका पाळी यायच्या आधीच असतो. टेली-मानस ही केंद्र सरकारची मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास चालते आणि अनेक भारतीय भाषांत बोलता येतं. जीव धोक्यात असेल तर १०८ किंवा ११२.

चांगल्या आठवड्यात एक तयारी करून ठेवावी. विश्वासातल्या एका माणसाला, बहीण असो, मैत्रीण असो, नवरा असो, स्पष्ट सांगायचं: "अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत मला रोज एकदा फोन कर. मी उचलला नाही तर घरी ये." घरातल्या जादा गोळ्या आणि बागायतीची औषधं त्या दिवसांत त्या माणसाकडे किंवा कुलपात. हे वाचायला कठोर वाटेल, पण लाट काही दिवसांत उतरणार हे ठाऊक असताना तेवढे दिवस हाताशी काही नसणं, यानं माणूस वाचतो.

नोकरी आणि घर

पाळीची रजा मिळाली तरी ती रक्तस्रावाच्या दिवसाला बांधलेली असेल तर पीएमडीडी असलेल्या स्त्रीला फारशी कामाची नाही. तिला हवी असते मोकळीक: वेर्ण्याच्या कारखान्यात किंवा हॉटेलात असेल तर त्या चार-पाच दिवसांत रात्रीची शिफ्ट बदलून मिळावी, कचेरीत असेल तर वरिष्ठांसमोरचं सादरीकरण आठवडाभर पुढे जावं. कारण न विचारता महिन्यातला कुठलाही दिवस निवडायची मुभा, असा नियम झाला तर तो जास्त जणींच्या उपयोगी पडेल.

घरच्या माणसांना एवढंच सांगते. त्या दिवसांत स्वयंपाक, मुलांचा अभ्यास, दूधवाल्याचा हिशेब यांतलं एखादं काम न सांगता उचला. समजावत बसू नका. "एकटीला बसायचंय का?" एवढं विचारा आणि उत्तर येईल तसं करा.

हे किती वर्षं चालणार?

पहिल्या पाळीनंतर कुठल्याही वयात हा त्रास सुरू होऊ शकतो. गर्भारपणात चक्र थांबतं तेव्हा तो थांबतो आणि पाळी कायमची गेली की संपतो. मधली चाळिशी मात्र कठीण जाऊ शकते, कारण पाळी जायच्या आधीच्या काही वर्षांत हार्मोन वेडेवाकडे वरखाली होतात आणि तारखांचा अंदाज राहत नाही. तोवर बसलेली औषधाची घडी तेव्हा बदलावी लागते. मूल हवं असेल तर गोळ्या चालू असतानाच, दिवस राहायच्या आधी, डॉक्टरांशी बोलून घ्यावं. त्रासाकडे आनुवंशिक कल असतो. म्हणून आईला असेल आणि लेक वयात आली असेल, तर तिला पॅड कसं वापरायचं ते शिकवतानाच वही कशी भरायची तेही शिकवावं.